शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं मंडपाच्या एका कोपऱ्यांत वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी व दोघे-तिघे पालक यांचा मोठा वाद चाललेला आम्हीं पाहिला. वाद काव्याचा नव्हता, क्रिकेटचाहि नव्हता. ॲपल कंपनीचा आयफोन श्रेष्ठ कीं सॅमसंग कंपनीचा गॅलक्सी श्रेष्ठ, असा तो होता. आणि त्यांतूनच दुसरा एक वाद निघाला होता कीं, फोन तारेनें चार्ज करावा कीं नुसता तबकडीवर ठेवून बिनतारी चार्ज करावा, व या दोहोंपैकीं कशानें बॅटरीची प्रकृति लवकर बिघडते. एका पालकांच्या मतें तबकडी म्हणजे बॅटरीचा काळ. एका विद्यार्थ्याच्या मतें हा निव्वळ भ्रम. दोन्ही बाजूंस उत्साह भरपूर होता, पुरावा मात्र बेताचाच होता. घरीं परत येतांना आमच्या मनांत आलें कीं, ज्या पुरुषाच्या प्रयोगशाळेंत या दोन्ही प्रश्नांचीं मुळें आहेत, त्याचें नांवहि या वादांत कोणीं काढलें नाहीं. म्हणून या अंकासाठीं त्याचेंच चरित्र लिहावयाचें आम्हीं ठरविलें.

मायकेल फॅरडे याचा जन्म लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथें ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं झाला. त्याचा बाप जेम्स हा लोहार. प्रकृतीनें तो नेहमीं अशक्त असे, त्यामुळें काम बेताचें व मिळकत त्याहूनहि बेताची. १८०१ सालीं इंग्लंडांत धान्य अतिशय महाग झालें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्यास एक पाव येई, व तोच त्यास आठवडाभर पुरवावा लागे. वाचणें, लिहिणें व थोडेसे आंकडे यांपलीकडे शाळेंत त्याचें शिक्षण झालें नाहीं. उच्च गणित तर त्यास पुढेंहि कधीं साधलें नाहीं. ही गोष्ट गणितांत कच्च्या असलेल्या आमच्या वाचकांनीं खुशाल लक्षांत ठेवावी, परंतु परीक्षकांस सांगूं नये.

१८०४ सालीं तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्याच्या दुकानांत निरोप्या म्हणून राहिला. वर्तमानपत्र विकत घेणें त्या काळीं सर्वांस परवडत नसे. दुकानदार तीं वाचावयास भाड्यानें देत. तीं घरोघर पोंचविणें व परत आणणें हें मायकेलचें काम. वर्षभरांत त्याची सचोटी पाहून रीबोनें फी न घेतां त्यास बुकबाइंडिंगच्या कामावर सात वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून ठेविलें. बांधावयास आलेलीं पुस्तकें मायकेल बांधी, आणि बांधतां बांधतां वाची. ब्रिटानिका ज्ञानकोशांतील विजेवरचा लेख व मिसेस मार्सेट या बाईंनीं लिहिलेलें रसायनशास्त्राचें पुस्तक, हीं दोन त्याच्या हातीं पडलीं, आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. वाचलेलें खरें कीं खोटें हें स्वतः करून पाहिल्यावांचून त्यास चैन पडत नसे.

रॉयल इन्स्टिट्यूशन ही लंडनमधील विख्यात शास्त्रीय संस्था; आणि तेथील सर हंफ्रे डेव्ही हे त्या काळचे अत्यंत लोकप्रिय रसायनशास्त्रज्ञ. सोडियम व पोटॅशियम हे धातु विजेच्या साह्यानें त्यांनींच प्रथम वेगळे काढले होते. १८१२ च्या आरंभीं दुकानाचे एक गिऱ्हाईक मिस्टर डान्स यांनीं या उमेदवारास डेव्हींच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेल गॅलरींत बसून टिपणें घेई, घरीं येऊन तीं सविस्तर लिहून काढी, आकृत्या काढी. आणि शेवटीं सुमारें तीनशें पानांचा तो मजकूर त्यानें आपल्याच हातानें बांधून त्याचें पुस्तक केलें.

त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत त्यानें आपली पहिली बॅटरी बनविली. इटलींतील व्होल्टा यांनीं १८०० सालीं जगास ठाऊक करून दिलेली चळत तीच ही. मायकेलजवळ पैसे नव्हते, म्हणून त्यानें पैशांचीच बॅटरी केली, असें म्हटलें तरी चालेल. अर्ध्या पेनीचीं सात तांब्याचीं नाणीं, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या, आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे सहा तुकडे. हीं सर्व एकावर एक रचून त्यानें तिच्या दोन टोकांच्या तारा एप्सम सॉल्टच्या द्रावणांत सोडल्या व तें द्रव्य विजेनें फुटतें असें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. आज ज्या फोनाची किंमत एखाद्या गृहस्थाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी असते, त्याच्या पोटांतील बॅटरीची रचना तत्त्वतः हीच आहे: दोन भिन्न पदार्थ, आणि त्यांच्यामध्यें विजेचे कण वाहून नेणारा रस.

बांधलेलें पुस्तक डेव्हींकडे पाठवून मायकेलनें काम मागितलें. डेव्हींनीं भेट दिली, परंतु बाइंडिंगचाच धंदा धरून राहावें असा सल्ला दिला. पुढें थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंतील मदतनीस मारामारीच्या प्रकरणांत सांपडला व त्यास काढून टाकावें लागलें. एके रात्रीं मायकेल निजण्याच्या तयारींत असतां दाराशीं गाडी थांबली व डेव्हींची चिठ्ठी घेऊन गडी उतरला. ता. १ मार्च १८१३ रोजीं त्याची नेमणूक झाली. राहावयास संस्थेच्या इमारतींत अगदीं वरच्या मजल्यावरील दोन खोल्या मिळाल्या.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासास निघाले. इंग्लंड व फ्रान्स यांचें युद्ध चालू असतांहि नेपोलियननें या शास्त्रज्ञास परवाना दिला होता. डेव्हींच्या खासगी नोकरानें आयत्या वेळीं येण्याचें नाकारलें, तेव्हां मदतनिसाच्या कामाबरोबर गड्याचें कामहि मायकेलच्या गळ्यांत पडलें. डेव्हींच्या पत्नी श्रीमंत व मानी होत्या. त्यांनीं त्यास नोकराप्रमाणेंच वागविलें, आणि सर्व सोडून इंग्लंडास परत जावें असें त्याच्या मनांत वारंवार आलें. तो गेला नाहीं. पॅरिसमध्यें त्यानें अँपियर यांस पाहिलें, फ्लॉरेन्समध्यें मोठ्या भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिरा जाळण्याच्या प्रयोगांत हातभार लावला, आणि १८१४ च्या जून महिन्यांत मिलान येथें खुद्द व्होल्टांचें दर्शन घेतलें. दोन वर्षांपूर्वीं अर्ध्या पेन्यांची चळत रचणारा मुलगा त्या चळतीच्या जनकासमोर उभा होता.

परत आल्यावर त्यानें कांहीं वर्षें निमूटपणें रसायनशास्त्राचें काम केलें. १८२० सालीं डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनीं असें दाखविलें कीं, तारेंतून विजेचा प्रवाह जात असतां जवळची चुंबकसूचि वळते. साऱ्या युरोपांत या विषयावर झुंबड उडाली. लंडनमध्यें डॉ. वुलस्टन यांची अशी कल्पना होती कीं, लोहचुंबकाजवळ नेलेली तार स्वतःच्याच आंसाभोंवतीं फिरावी. १८२१ च्या एप्रिलांत त्यांनीं डेव्हींच्या समक्ष तसा प्रयोग करून पाहिला, पण तो साधला नाहीं. सप्टेंबरांत फॅरडेनें वेगळीच गोष्ट करून दाखविली. पाऱ्याच्या भांड्यांत लोहचुंबक उभा करून त्याच्याभोंवतीं त्यानें प्रवाह वाहणारी तार गरगर फिरविली. विजेच्या सर्व मोटारींचा हा मूळपुरुष होय.

परंतु हा शोध त्यानें घाईघाईनें छापला व त्यांत वुलस्टन यांचें नांव घातलें नाहीं. छापण्यापूर्वीं तो त्यांना भेटावयास गेला होता, पण ते गांवीं नव्हते. लगेच दुसऱ्याची कल्पना चोरल्याचा बोभाटा झाला. आमच्या मतें ही चोरी मुळींच नव्हती, कारण दोघांच्या कल्पना निराळ्या होत्या. पण दोन ओळींची टीप घालून आठ दिवस थांबण्यास कांहींच हरकत नव्हती, व तेवढा दोष फॅरडेकडे येतो. स्वतः वुलस्टन यांनीं राग धरला नाहीं. दुखावले ते डेव्ही. १८२३ सालीं फॅरडेनें क्लोरीन वायूचा द्रव केला, तेव्हां ती युक्ति आपण सुचविली होती असें डेव्हींनीं त्यास पुरवणी जोडून जाहीर केलें. पुढें फॅरडेचें नांव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं सुचविलें गेलें. अध्यक्ष डेव्हीच होते, व त्यांनीं तें मागें घेण्याविषयीं आग्रह धरला. १८२४ च्या जानेवारींत निवडणूक झाली, तेव्हां विरुद्ध मत एकच पडलें. तें कोणाचें होतें हें मतपेटीनें सांगितलें नाहीं. एवढें होऊनहि ज्या माणसानें आपणास बाइंडिंगच्या दुकानांतून बाहेर काढलें, त्याच्याविषयीं फॅरडेच्या तोंडून जन्मांत वावगा शब्द निघाला नाहीं. यापुढें त्यास एकेरी संबोधणें आम्हांसहि प्रशस्त वाटत नाहीं.

आतां ज्या दिवसाकरितां आम्हीं ही लेखणी हातीं धरली, त्या दिवसाकडे वळूं. विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकत्वापासून वीज कां मिळूं नये, हा प्रश्न फॅरडेंच्या मनांत अनेक वर्षें घोळत होता. १८२४ पासून त्यांनीं अधूनमधून प्रयत्न केले, ते सर्व फसले. तिकडे जिनिव्हांत कोलॅडॉन नांवाच्या तरुणानेंहि १८२५ सालीं असाच प्रयोग केला. लोहचुंबकाचा परिणाम सूचीवर थेट होऊं नये म्हणून त्यानें सूचि शेजारच्या खोलींत ठेविली होती. या खोलींत तो वेटोळ्यांत चुंबक सारी व मग दुसऱ्या खोलींत जाऊन सूचि पाही. सूचि अर्थातच स्वस्थ असे! मधल्या दाराच्या उंबरठ्यावर त्याचा शोध हुकला.

ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं फॅरडेंनीं एक मऊ लोखंडाचें कडें घेतलें. त्याचा बाहेरचा व्यास सहा इंच व जाडी सात अष्टमांश इंच. कड्याच्या एका अंगास तांब्याच्या तारेचें वेटोळें, दुसऱ्या अंगास दुसरें वेटोळें. तारेस तार लागूं नये म्हणून मध्यें सुतळी व मांजरपाट गुंडाळलेला. दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांशीं कोठेंहि स्पर्श नाहीं. दुसऱ्या वेटोळ्याची तार तीन फुटांवरील चुंबकसूचीवरून नेली होती. पहिल्या वेटोळ्यास बॅटरी जोडतांच सूचि हालली, थरथरली, आणि पुन्हां आपल्या जागीं येऊन बसली. प्रवाह चालू होता, तरी सूचि स्वस्थ. बॅटरी काढली, त्या क्षणीं सूचि पुन्हां हालली.

सतत चालणारा परिणाम मिळेल अशी सर्वांची अपेक्षा होती, म्हणून हा क्षणाचा झटका इतरांच्या नजरेंतून सुटला. फॅरडेंनीं तो पाहिला, आणि त्याचा अर्थहि कांहीं आठवड्यांतच लावला: प्रवाह असणें पुरेसें नाहीं, तो बदलला पाहिजे. ऑक्टोबरच्या १७ तारखेस त्यांनीं पोकळ वेटोळ्यांत नुसता लोहचुंबक आंतबाहेर करून वीज उत्पन्न केली, आणि २४ नोव्हेंबर रोजीं हें सर्व रॉयल सोसायटीपुढें मांडलें गेलें. अमेरिकेंत आल्बनी येथील शिक्षक जोसेफ हेन्री यांसहि हाच शोध स्वतंत्रपणें लागला होता, पण छापण्यांत ते मागें पडले. दहा वर्षांपूर्वीं घाई नडली होती. या वेळीं घाईच उपयोगी पडली.

ज्या तबकडीवर फोन ठेवला असतां तो चार्ज होतो, ती तबकडी म्हणजे हें कडेंच होय. फक्त मधलें लोखंड काढून दोन्ही वेटोळीं चपटीं केलीं आहेत. एक वेटोळें तबकडींत, दुसरें फोनाच्या पाठींत, व मध्यें कांहीं मिलिमीटरांचें अंतर. तबकडींतील प्रवाह सेकंदास लाखाहून अधिक वेळां उलटसुलट होतो. सूचीचा जो झटका फॅरडेंस बॅटरी जोडतांना एकदां व काढतांना एकदां मिळाला, तोच येथें इतक्या वेगानें मिळतो कीं त्याचा अखंड प्रवाह व्हावा. तो एकदिश करून बॅटरींत भरला जातो. सॅमसंगनें २०१५ सालच्या गॅलक्सी एस ६ मध्यें व ॲपलनें २०१७ सालच्या आयफोन ८ मध्यें ही सोय आंतच बसविली, आणि दोघांनींहि ची नांवाचें एकच मानक स्वीकारलें. तेव्हां या एका बाबतींत तरी मंडपांतील दोन्ही पक्षांचे फोन सख्खे भाऊ आहेत.

फोनाची पाठ धातूची न करतां कांचेची कां करतात, याचेंहि उत्तर १८३१ सालींच मिळालें होतें. फ्रान्समधील आरागो यांनीं तांब्याची चकती चुंबकसूचीखालीं फिरविली, तेव्हां तांबें चुंबकीय नसतांहि सूचि चकतीबरोबर ओढली गेली. हें कोडें कोणास सुटत नव्हतें. बदलत्या चुंबकत्वामुळें धातूच्या पत्र्यांतच विजेचे भोंवरे उत्पन्न होतात, असें फॅरडेंनीं दाखविलें. फोनाची पाठ धातूची असती तर शक्ति त्या भोंवऱ्यांतच खर्च होऊन पाठ तापली असती, आणि बॅटरी उपाशी राहिली असती. तबकडी व फोन यांच्यामध्यें एखादें नाणें राहिलें तर तेंहि याच कारणानें तापतें.

या शोधानंतर पैशाच्या वाटा मोकळ्या होत्या. कारखानदार व कोर्टकचेऱ्या यांना रसायनशास्त्राचा सल्ला देऊन १८३० सालीं फॅरडेंनीं हजार पौंडांवर मिळविले होते. तें काम त्यांनीं जवळजवळ सोडून दिलें व संस्थेच्या तुटपुंज्या पगारावर संसार चालविला. त्यांच्या पत्नी सारा यांनीं कुरकूर केल्याचें कोठें नमूद नाहीं. दोघेहि सँडिमनी नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचीं होतीं, व संपत्तीचा सांठा करणें त्या पंथास मान्य नव्हतें.

१८३३ व १८३४ या दोन सालीं त्यांनीं बॅटरीच्या पोटांत काय घडतें याचा छडा लावला. द्रावणांतून जितकी वीज जावी, तितक्याच प्रमाणांत द्रव्याचा फेरबदल व्हावा. वीज दुप्पट, तर फेरबदल दुप्पट. हा नियम त्यांनीं शेंकडो प्रयोगांनीं पक्का केला. नव्या विषयास नवे शब्द हवे होते, ते त्यांनीं केंब्रिजचे व्हेवेल यांच्या साह्यानें ग्रीक भाषेंतून घडविले: इलेक्ट्रोड, अनोड, कॅथोड, आयन. ते आज शाळेंतील प्रत्येक रसायनाच्या पुस्तकांत आहेत. याच काळांत, सिल्व्हर सल्फाइड तापविलें असतां विजेस अधिक वाट देतें, ही धातूंच्या अगदीं उलट गोष्ट त्यांनीं टिपून ठेविली. अर्धवाहकांचा हा एक अगदीं आरंभीचा दाखला. पुढें सबंध फोनच अर्धवाहकांचा बनणार होता, हें त्यांस कोठून ठाऊक असणार!

त्या नियमाचा आजचा उपयोग पाहूं. फोनाच्या कोपऱ्यांत शेंकडा किती बॅटरी उरली हा जो आंकडा दिसतो, तो मुख्यतः आंत किती वीज गेली व बाहेर किती आली याचा हिशेब ठेवून काढलेला असतो. फॅरडेंच्या नियमामुळेंच विजेच्या मोजदादीवरून द्रव्याची मोजदाद करतां येते. ज्या बॅटरीवर ४००० मिलिअँपिअर-तास असें लिहिलेलें असतें, तिच्यांत एका पूर्ण चार्जिंगच्या वेळीं सुमारें एक ग्रॅम लिथियम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातें. वापरतांना तेंच परत येतें. ज्याच्यासाठीं एवढा वाद, तो सारा एका ग्रॅमाचा येजा आहे. आणि हा लिथियम धातु विजेच्या साह्यानें प्रथम वेगळा करणारे डेव्ही व ब्रँड, दोघेहि रॉयल इन्स्टिट्यूशनमधील फॅरडेंचे वरिष्ठ होते.

बॅटरी म्हातारी होते ती या एका ग्रॅमांतील कण वाटेंत अडकून पडतात म्हणून. ग्रॅफाइटच्या बाजूवर एक पातळ साय धरते. ती पहिल्या चार्जिंगच्या वेळींच बनते व बॅटरीच्या रक्षणास अवश्यच असते, परंतु वर्षानुवर्षें ती जाड होत जाते आणि लिथियम गिळते. उष्णतेनें ही साय लवकर वाढते. बॅटरी सदैव शंभर टक्के भरलेली ठेवणें हेंहि तिला मानवत नाहीं. म्हणून ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय आतां दोन्ही कंपन्यांच्या फोनांत असते. तबकडीचा दोष असलाच तर एवढाच कीं, तारेपेक्षां तिच्यांत शक्ति अधिक वांया जाते, व वांया गेलेली शक्ति उष्णता होऊन बाहेर पडते. दोन वेटोळीं एकमेकांसमोर नीट आलीं नाहींत तर ही उष्णता वाढते. २०२३ सालीं जाहीर झालेल्या ची-२ या मानकांत फोन बरोबर जागेवर धरण्यासाठीं लोहचुंबक घातले आहेत, त्यांचा हेतु हाच. तेव्हां मंडपांतील त्या पालकांचा संशय अगदींच निराधार नव्हता. पण वैशाखांत उन्हानें तापलेल्या खिडकीशीं किंवा उशीखालीं ठेवून तारेनें चार्ज केलेला फोन थंड जागीं तबकडीवर ठेवलेल्या फोनापेक्षां सुरक्षित आहे, असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. शत्रु उष्णता आहे. ती तारेनें आली कीं तबकडीनें आली, हें बॅटरीस कळत नाहीं. युरोपीय संघानें ता. २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांप्रमाणें फोनाच्या बॅटरीनें आठशें चार्जिंगनंतर मूळ शक्तीच्या निदान ऐंशी टक्के राखल्या पाहिजेत. खरेदीच्या वेळीं कंपनीच्या नांवाहून हा आंकडा विचारणें आम्हांस अधिक शहाणपणाचें दिसतें.

बॅटरीवरून फॅरडेंच्या काळींहि पक्ष पडलेच होते. दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शानें वीज उत्पन्न होते असें व्होल्टांचे अनुयायी म्हणत. रासायनिक क्रियेवांचून ती मिळणार नाहीं असें फॅरडेंचें मत होतें. ज्यांचें दर्शन घेण्यांत एके काळीं धन्यता मानली, त्यांच्याच मताविरुद्ध त्यांनीं १८४० सालीं प्रयोगांची मोठी मालिका छापली. कांहींच खर्च न होतां अखंड शक्ति मिळत राहावी, हें त्यांच्या बुद्धीस पटत नव्हतें.

पण त्यांची स्वतःची शक्ति या सुमारास संपत आली होती. बारा-बारा तास प्रयोगशाळेंत, शुक्रवारीं सायंकाळीं मोठ्या लोकांपुढें व्याख्यानें, नाताळांत मुलांसाठीं व्याख्यानें, दीपगृहांच्या खात्याचें काम. आणि मदतीस केवळ अँडरसन नांवाचा एक माजी सार्जंट. हा अँडरसन असा आज्ञाधारक कीं, एकदां त्यास घरीं जा असें सांगावयाचें फॅरडे विसरले, तर सकाळपर्यंत तो भट्टी पेटती ठेवून उभा होता, असें सांगतात. १८३९ च्या अखेरीस फॅरडेंस घेरी येऊं लागली व स्मरणशक्ति दगा देऊं लागली. आदल्या दिवशीं केलेला प्रयोग दुसऱ्या दिवशीं आठवेना. डॉक्टरांनीं काम बंद करविलें. १८४१ सालीं सारा त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेल्या. तेथें ते डोंगरांतून एका दिवसांत पंचेचाळीस मैल चालले. शरीर असें लोखंडाचें, आणि स्मरण मात्र चाळणीचें! ज्याचें सारें भांडवल निरीक्षण आणि स्मरण, त्या माणसास हें कसें वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांनीं हट्ट केला नाहीं. जवळजवळ चार वर्षें मोठें संशोधन बाजूस ठेविलें. प्रयोगांच्या टिपणांस अनुक्रमांक घालण्याची संवय पूर्वींपासून होतीच. तीच आतां त्यांची काठी झाली. ते अनुक्रमांक अखेरीस सोळा हजारांवर गेले.

१८४५ च्या सप्टेंबरांत ते पुन्हां उभे राहिले. दुर्बिणींसाठीं उत्तम कांच करण्याच्या सरकारी कामांत १८२५ नंतरचीं चार-पांच वर्षें त्यांचीं फुकट गेलीं होतीं. त्या वेळची जड कांचेची एक लादी कोठें तरी पडून होती. ती त्यांनीं प्रबळ लोहचुंबकाजवळ ठेविली, आणि तिच्यांतून जाणाऱ्या प्रकाशाची पातळी चुंबकत्वानें वळते असें दाखविलें. प्रकाश व चुंबकत्व यांचें नातें प्रथमच सिद्ध झालें. लोहचुंबकाभोंवतालची जागा रिकामी नसून तींत बलरेषा पसरलेल्या असतात, हें त्यांचें जुनें मत. त्यास गणिताची भाषा नव्हती, म्हणून पंडित तें हंसण्यावारी नेत. ती भाषा मॅक्सवेल या तरुणानें दिली, आणि १८६५ सालच्या त्याच्या निबंधांतून पुढें रेडिओच्या लहरी निघाल्या. फोनावर बोलणें होतें तें त्या लहरींवरच.

मान-सन्मानांविषयीं थोडक्यांत सांगतों. १८३५ सालीं सरकारी पेन्शन देऊं करतांना पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनीं अशा पेन्शनींविषयीं तुच्छतेचे उद्गार काढले, तेव्हां फॅरडेंनीं त्याच दिवशीं नकाराची चिठ्ठी लिहिली. पुढें मेलबर्न यांनीं दिलगिरी कळविली, मगच तीनशें पौंडांचें तें पेन्शन त्यांनीं घेतलें. सर ही पदवी त्यांनीं स्वीकारली नाहीं, व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि नाकारलें. १८५८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें हॅम्प्टन कोर्ट येथें घर दिलें, तें मात्र त्यांनीं घेतलें. दुरुस्तीचा खर्च झेपेल कीं नाहीं अशी त्यांस काळजी होती. तोहि राणीनें केला.

स्मरणशक्ति पुन्हां ढासळत गेली. ता. १२ मार्च १८६२ रोजीं त्यांनीं अखेरचा प्रयोग केला. ज्योतीच्या प्रकाशाच्या वर्णपटावर लोहचुंबकाचा परिणाम होतो काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. कांहीं दिसलें नाहीं, व तसें त्यांनीं वहींत लिहून ठेविलें. तो परिणाम खरोखरच होतो, असें हॉलंडच्या झीमन यांनीं १८९६ सालीं अधिक चांगल्या उपकरणांनीं दाखविलें. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्टच्या घरीं आपल्या खुर्चींत बसले असतां फॅरडेंचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें पुरलें जाण्याचा मान त्यांनीं पूर्वींच नाकारला होता. हायगेटच्या स्मशानभूमींत त्यांची साधी कबर आहे. तें लोखंडी कडें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संग्रहांत ठेविलें आहे, आणि त्याच्या वेटोळ्यांवर सुतळी व मांजरपाट अजून तसाच गुंडाळलेला दिसतो.